पेट्रोल मोजून दिलेली शर्यत : आइल ऑफ मॅन टीटीचा इतिहास

शर्यत लावायची आणि स्पर्धकांना पेट्रोल मात्र मोजून द्यायचे, असा प्रकार आज कोणाला सुचणार नाही. 28 मे 1907 रोजी, मंगळवारी, आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावर मोटारसायकलींची पहिली ‘टुरिस्ट ट्रॉफी’ (टीटी) झाली, तिचा मुख्य नियम हाच होता. एका सिलिंडरच्या गाडीने गॅलनला 90 मैल दिले पाहिजेत आणि दोन सिलिंडरच्या गाडीने 75. आपल्या हिशेबाने लिटरला ढोबळमानाने 32 आणि 27 किलोमीटर. कोणी नवी गाडी घेतली की ‘ॲव्हरेज किती देते?’ हे आपण पेढा तोंडात टाकायच्या आधी विचारतो. टीटीच्या जन्मदात्यांनाही नेमके तेच विचारायचे होते.

शर्यतीच्या नावात ‘टुरिस्ट’ आले ते त्यामुळेच. साधा माणूस जी फटफटी विकत घेऊन गावोगाव हिंडेल, तिची ही परीक्षा होती. गाडीला मडगार्ड हवेत, सायलेन्सर हवा, बसायला नीट सीट हवी, अशा अटी होत्या. नुसता वेग काढण्यासाठी घडवलेली, घाट उतरताच मोडून पडणारी यंत्रे आयोजकांना नको होती. तसली यंत्रे त्यांनी आदल्याच वर्षी ऑस्ट्रियात पाहिली होती. 1906 च्या आंतरराष्ट्रीय चषकाच्या शर्यतीत यजमानांनी नियम वाकवल्याची तक्रार झाली आणि इंग्लंडचा चमू चिडून परत निघाला. परतीच्या आगगाडीत ऑटो-सायकल क्लबचे चिटणीस फ्रेडी स्ट्रेट, मॅचलेस गाड्या बनवणारे चार्ली आणि हॅरी हे कॉलियर बंधू आणि मार्क्विस द मूझिली सेंट मार्स हे हौशी उमराव एकत्र होते. आपली स्वतःची शर्यत सुरू करावी, ही चर्चा त्या डब्यात झाली. 17 जानेवारी 1907 रोजी लंडनमध्ये क्लबच्या वार्षिक भोजनप्रसंगी ती रीतसर मांडली गेली. मार्क्विसनी चांदीचा चषक दिला : पंख असलेल्या चाकावर उभा मर्क्युरी देव. बऱ्याच संस्थांचा जन्म चिडीतून होतो. ही त्यातलीच एक.

पण शर्यत घ्यायची कुठे? इंग्लंडमध्ये 1903 च्या कायद्याने मोटारगाड्यांना ताशी 20 मैलांची मर्यादा घातली होती आणि शर्यतीसाठी सार्वजनिक रस्ता बंद करायला ब्रिटिश पार्लमेंट तयार नव्हते. आइल ऑफ मॅनची गोष्ट वेगळी. हे बेट ब्रिटिश राजसत्तेच्या छत्राखाली असले तरी युनायटेड किंगडमचा भाग नाही. त्याची स्वतःची विधानसभा आहे, टिनवल्ड, आणि आपले कायदे ती आपण करते. मोटारींच्या क्लबचे चिटणीस ज्युलियन ऑर्ड यांचे नात्यातले लॉर्ड रॅग्लन हे त्या वेळी बेटाचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. ओळख कामी आली. 1904 मध्ये टिनवल्डने रस्ते बंद ठेवण्याचा कायदा केला आणि त्याच वर्षी मोटारींच्या चाचणी शर्यती झाल्या. पुढच्या वर्षी मोटारसायकलींची निवड-शर्यतही तिथेच झाली. यात बेटवाल्यांचा स्वार्थ होताच. डग्लसच्या किनाऱ्यावरची खानावळवजा हॉटेले उन्हाळ्यातल्या पाहुण्यांवर चालत. सुट्ट्यांचा खरा हंगाम सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे खोल्या भरल्या तर कोणाला नको होते? टीटी उभी राहिली ती या कायद्यावर, आणि माझ्या मते तिच्या इतिहासातले सर्वांत मोठे पान एखाद्या स्वाराचे नसून त्या कायद्याचे आहे.

पहिल्या शर्यतीचा मार्ग आजचा नव्हे. सेंट जॉन्स या खेड्यातून, टिनवल्ड टेकडीच्या बाजूने सुरुवात. दर जुलैत बेटाची विधानसभा उघड्यावर भरते ती हीच टेकडी. तिथून बॅलाक्रेन, ग्लेन हेलनची वळणे, कर्क मायकेल, मग समुद्राकडेने पील आणि पुन्हा सेंट जॉन्स. एक फेरी सुमारे 25 किलोमीटरची, अशा 10 फेऱ्या. अर्ध्यावर 10 मिनिटांची सक्तीची विश्रांती. 25 स्वार जोडीजोडीने सुटले. रस्ता मातीचा. धूळ बसावी म्हणून त्यावर रसायन शिंपडले होते आणि त्याने स्वारांच्या कपड्यांना भोके पडली. गाड्यांना गिअर नव्हते. इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत चामडी पट्टा. चढावर दम लागला तर, ज्याला पायडल असतील त्याने, ते मारायचे.

चार्ली कॉलियर एका सिलिंडरच्या गटात पहिला आला. वेळ 4 तास 8 मिनिटे 8 सेकंद, सरासरी ताशी 38.21 मैल, म्हणजे साधारण 61 किलोमीटर. दुसऱ्या आलेल्या ट्रायम्फच्या जॅक मार्शलच्या बाजूची तक्रार अशी, की मॅचलेसला पायडल होते म्हणून ती जिंकली. पुढच्या वर्षी पायडलवर बंदी आली आणि मार्शल जिंकला. तक्रारीत तथ्य होते म्हणायचे.

दोन सिलिंडरच्या गटातल्या रेम फाउलरची कथा मात्र जास्त रंगते. त्याच्या नॉर्टनला इंजिन फ्रेंच, प्यूजोचे. वाटेत प्लग गेले, पट्टा सांधावा लागला, टायर पंक्चर झाला, तो पडलाही. एका क्षणी त्याने शर्यत सोडायचे ठरवले होते. तेवढ्यात एका प्रेक्षकाने सांगितले, की बाबा रे, तू अर्ध्या तासाने पुढे आहेस. फाउलर पुन्हा गाडीवर बसला आणि जिंकला. सर्वांत वेगवान फेरीही त्याचीच, ताशी 42.91 मैल. कंपनीचे मालक जेम्स नॉर्टन स्वतः त्याच्या मदतीला उभे होते. आज एखाद्या कंपनीचा मालक स्वाराच्या हाती प्लग देताना दिसेल काय?

पेट्रोलचा नियम 1909 मध्ये गेला. ज्यासाठी शर्यत सुरू झाली तेच तिसऱ्या वर्षी सोडले, म्हणून आयोजकांना हसायला हरकत नाही. पण यंत्रे इतक्या झपाट्याने सुधारत होती की नियम जुना झाला. खरा बदल 1911 चा. त्या वर्षी शर्यत स्नेफेल डोंगरावरून जाणाऱ्या मोठ्या वळशावर नेली. थोड्याफार फरकाने तोच आजचा मार्ग, 37.73 मैल म्हणजे 60.72 किलोमीटर. डग्लसच्या ग्लेनक्रचेरी रोडवरून सुटायचे, घरांच्या रांगांमधून ब्रे हिल उतरायचा, बॅलॉ पुलावर गाडीची दोन्ही चाके हवेत, सल्बीची सरळ पट्टी, रॅम्झी गावात हेअरपिन, आणि मग डोंगर. सुमारे 420 मीटर उंचीवर रस्ता उघड्या माळावरून जातो. तिथे धुके कधी उतरेल ते कोणी सांगू शकत नाही. पुढे ‘बंगला’ (बंगलो) नावाचा टप्पा, क्रेग-नी-बा, गव्हर्नर्स ब्रिज आणि पुन्हा डग्लस. दोनशेच्या वर वळणे, आणि कडेला दगडी भिंती, दिव्याचे खांब, लोकांच्या घरांचे उंबरठे.

एकाच गतीच्या पट्ट्याच्या गाडीला हा डोंगर चढणे कठीण होते. गिअर आणि साखळी घेऊन आलेल्या ‘इंडियन’ने त्या वर्षीच्या सीनियर, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या, शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. (ही इंडियन अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची, आपला संबंध नाही.) ब्रिटिश कारखानदार खजील झाले आणि कामाला लागले. त्याच वर्षी सरावात व्हिक्टर सरिज हा स्वार मरण पावला. टीटीतला तो पहिला मृत्यू.

सरावाबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. 1927 पर्यंत शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद असे, पण सराव चालत्या रस्त्यावर होई. त्या वर्षी आर्ची बर्किन सरावात असताना कर्क मायकेलजवळ समोरून मासळीची गाडी आली. ती चुकवताना तो गेला. त्या वळणाला आजही बर्किनचे नाव आहे, आणि 1928 पासून सरावालाही रस्ते बंद होऊ लागले. रविवारी सकाळी आपल्या घाटांत टोळीने गाड्या पळवणाऱ्या आणि त्याला ‘टीटी स्टाइल’ म्हणणाऱ्या तरुणांनी हे एवढे वाचावे. समोरून टेम्पो येऊ शकतो त्या रस्त्यावर टीटी होत नाही. हे त्या बेटाने जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी ठरवून टाकले आहे.

टीटीत सगळे एकदम सुटत नाहीत. एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटायचे आणि घड्याळाशी लढायचे. पुढे दिसणारा पुढे असतोच असे नाही. प्रेक्षकांना हे समजावे म्हणून डग्लसच्या ग्रँडस्टँडसमोर मोठा फलक असे आणि बालवीर मुले हाताने त्यावर वेळा लिहीत. या पद्धतीमुळे काय घडू शकते ते 1935 च्या सीनियर शर्यतीत दिसले. नॉर्टनचा जिमी गथ्री पहिल्या क्रमांकावर सुटला होता आणि मोटो गुझीवरचा डब्लिनचा स्टॅन्ले वूड्स तिसाव्या. दोघांत साडेचौदा मिनिटांचे अंतर. शेवटच्या फेरीआधी गथ्री 26 सेकंदांनी पुढे होता. गुझीच्या माणसांनी पेट्रोल भरायची जय्यत तयारी मांडून ठेवली. वूड्स थांबणार, असे नॉर्टनवाल्यांनी गृहीत धरले आणि गथ्रीला निवांत येण्याची खूण केली, असे सांगतात. वूड्स थांबलाच नाही. गथ्री आला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतले, अभिनंदनेही झाली. मग बऱ्याच वेळाने वूड्स आला, आणि घड्याळ पाहिले तर तो 4 सेकंदांनी जिंकला होता. गुझीच्या मागच्या चाकाला स्प्रिंग होती. तोवर शर्यतीच्या गाडीला असले लाड परवडत नाहीत, असा ब्रिटिशांचा समज होता. पुढच्या काही वर्षांत तो समज गेला.

दोन महायुद्धांत शर्यत बंद होती : 1915 ते 1919 आणि 1940 ते 1946. त्याआधी 1939 मध्ये बीएमडब्ल्यूवरच्या जर्मन गेओर्ग मायरने सीनियर चषक नेला होता. अडीच-तीन महिन्यांत युद्ध पेटले, हे लक्षात घेतले की त्या विजयाकडे बेटवाल्यांनी कशा नजरेने पाहिले असेल याची कल्पना येते.

या संस्थेची एक गंमत अशी, की वर्धापनाची वर्षे तिला लाभतात. 1957 हे सुवर्णमहोत्सवी वर्ष. सीनियर शर्यत मुद्दाम 8 फेऱ्यांची ठेवली होती. ताशी 100 मैलांची फेरी कोणी काढेल का, हा अनेक वर्षांचा प्रश्न होता. 7 जूनला स्कॉटलंडच्या बॉब मॅकिंटायरने लाल जिलेरावर तो सोडवला. त्याची सर्वोत्तम फेरी 101.12 मैलांची, म्हणजे ताशी सुमारे 163 किलोमीटर. 3 तासांहून जास्त वेळ तो गाडीवर होता. पहिल्या शर्यतीत चार्ली कॉलियरला 4 तास लागले होते, पण अंतर होते याच्या निम्म्याच्या आसपास.

1967, हीरकमहोत्सव. होंडावर माइक हेलवूड, एमव्ही ऑगुस्तावर जाकोमो ऑगोस्तिनी. टीटीची सर्वांत मोठी लढत कोणती यावर वाद घालणारे शेवटी इथेच येऊन थांबतात. ऑगोस्तिनीने पहिल्याच फेरीत उच्चांक केला, दुसऱ्या फेरीत हेलवूडने तो 108.77 मैलांवर नेला. पेट्रोल भरायला थांबला तेव्हा हेलवूडची उजवी मूठ, म्हणजे ज्या मुठीने रेस द्यायची तीच, सैल झाली होती. त्याने हातोडा घेऊन ती ठोकली आणि तसाच निघाला. एवढा जगज्जेता, पण उपाय आपल्या गल्लीतल्या मेकॅनिकचा! पाचव्या फेरीत ऑगोस्तिनीची चेन तुटली आणि लढत संपली. हेलवूडचा उच्चांक पुढे 8 वर्षे टिकला. होंडाची टीटीतली सुरुवात 1959 ची, 125 सीसीच्या गटात. तेव्हा नाओमी तानिगुची सहावा आला होता आणि सांघिक पारितोषिक जपान्यांना मिळाले होते. दोन वर्षांत हेलवूडने होंडाला विजय मिळवून दिले. 1963 मध्ये सुझुकीच्या मित्सुओ इतोने 50 सीसीची शर्यत जिंकली. ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाचा सूर्य मावळायला लागला होता, आणि ते टीटीच्या निकालपत्रकांत कारखान्यांच्या ताळेबंदांआधी दिसले.

बायकांच्या वाट्याला इथेही आधी नकारच आले. 1954 मध्ये इंगे श्टोल साइडकारमधून सहस्वार म्हणून उतरली. 1962 मध्ये बेरिल स्वेन हिने एकटीने 50 सीसीची शर्यत पुरी केली, तर लगेच स्वाराच्या किमान वजनाची अट घालून तिचा परवाना काढून घेतला.

मग 1972. जूनमधल्या पावसाळी सकाळी 125 सीसीच्या शर्यतीत इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती डोंगरावर मरण पावला. जागतिक स्पर्धेच्या गुणतक्त्यात तो पुढे होता. त्याचा मित्र ऑगोस्तिनी त्या दिवशी सीनियर जिंकला, आणि पुन्हा इथे यायचे नाही असे ठरवून गेला. इतर नामवंतांनीही पाठ फिरवली. या मंडळींचे म्हणणे साधे होते : जागतिक अजिंक्यपदाचे गुण हवेत म्हणून कोणाला इथे पळायला भाग पाडू नये. ते बरोबरच होते. 1976 नंतर टीटीचा जागतिक दर्जा गेला आणि ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनला गेली. शर्यत आता आटोपणार, असे अनेकांना वाटले. बेटाच्या सरकारने बक्षिसांची रक्कम वाढवली, आणि टीटी ज्याला यायचे आहे त्याचीच झाली. मला वाटते, त्या पराभवानेच ती वाचली.

1978 मध्ये, 11 वर्षांच्या खंडानंतर, 38 वर्षांचा हेलवूड डुकाटीवर परतला आणि पहिलीच शर्यत जिंकला. त्याच्या एक वर्ष आधी, इंग्लंडच्या राणीच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने ठेवलेल्या शर्यतीत, उत्तर आयर्लंडच्या बॅलीमनी गावचा जोई डनलॉप पहिल्यांदा जिंकला होता. त्याचे एकूण विजय 26. शेवटचे तीन 2000 सालचे, वयाच्या 48 व्या वर्षी. हा माणूस रिकाम्या वेळात व्हॅन भरून रोमानिया आणि बोस्नियातल्या अनाथ मुलांसाठी कपडे-खाणे पोचवत असे. त्याच वर्षी 2 जुलैला एस्टोनियात टॅलिनच्या शर्यतीत तो गेला. बंगल्याजवळ गाडीवर बसलेला त्याचा पुतळा आहे. 26 चा आकडा 2024 मध्ये त्याचाच पुतण्या मायकेल डनलॉप याने ओलांडला.

शताब्दी 2007 ची. 28 मे रोजी सेंट जॉन्सहून जुन्या गाड्या जुन्या मार्गाने काढल्या, आणि 8 जूनला जॉन मॅकगिनेसने ताशी 130 मैलांची पहिली फेरी काढली. त्याच सीनियर शर्यतीत एक स्वार आणि दोन प्रेक्षक मरण पावले. स्मरणिकेत असे आकडे कोणी लिहीत नाही, पण लिहिले पाहिजेत : मँक्स ग्रां प्री ही तिथलीच दुसरी शर्यत धरून या डोंगरी मार्गावर आजवर 260 हून अधिक स्वार गेले. ‘ते आपल्या मर्जीने गेले’ एवढे म्हणून हात झटकता येत नाहीत. त्यांच्या घरच्यांची मर्जी कोणी विचारली होती? तरी 1963 पासून हेलिकॉप्टर, वळणावळणावर उभे राहणारे शेकडो स्वयंसेवक मार्शल, धुके आले तर शर्यत पुढे ढकलण्याची शिस्त हेही त्याच संस्थेचे काम आहे. दरवर्षी टीका होते, दरवर्षी नियम थोडे कडक होतात आणि दरवर्षी प्रवेशअर्ज येतात. 2001 मध्ये गुरांच्या लाळ-खुरकताने आणि 2020-21 मध्ये करोनाने मात्र शर्यत रद्द झाली आणि रस्ता खुलाच राहिला. 2023 मध्ये पीटर हिकमनने 136.358 मैलांची फेरी काढली; ताशी 219 किलोमीटर, घरांच्या उंबरठ्यांमधून.

आता आपल्याकडचे थोडे. 12 जून 2009 रोजी या मार्गावर विजेच्या मोटारसायकलींची पहिली शर्यत झाली. एकच फेरी, आणि जिंकली ती टीम अग्नी. रॉब बार्बरच्या त्या गाडीतल्या मोटारी गुजरातेतल्या अग्नी मोटर्सच्या होत्या आणि सरासरी ताशी 87.434 मैल होती. पहिल्या शर्यतीत गट जिंकलेली नॉर्टन 2020 पासून टीव्हीएसच्या मालकीची आहे. त्या शर्यतीत दुसऱ्या आलेल्या ट्रायम्फच्या 400 सीसीच्या गाड्या 2023 पासून बजाज पुण्याजवळ चाकणला बनवते. त्या ॲव्हरेजही बरे देतात.

28 मे 2027 रोजी पहिल्या शर्यतीला 120 वर्षे होतील. ज्यांच्या मनात जायचे आहे त्यांनी हीशम किंवा लिव्हरपूलहून डग्लसला जाणाऱ्या बोटीचे तिकीट आणि राहायची खोली वर्षभर आधी ठरवावी. टीटीच्या पंधरवड्यात आयत्या वेळी दोन्ही मिळत नाहीत. शर्यतीच्या दिवसांत डोंगराचा रस्ता रॅम्झीकडून डग्लसकडे एकेरी असतो. गावाबाहेर अनेक रस्त्यांवर वेगाला मर्यादा नाही, गावात आहे, आणि तिथले पोलीस ती पाळायला लावतात.